जुन्या कॉर्व्हेटचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडतं

भटका_व्ही८ (कोलंबस, ओहायो)

लोकहो, इथे गाड्यांवर बोलणारे बरेच आहेत म्हणून हा धागा.

गाडी शेवरले कॉर्व्हेट, सी-४ म्हणजे चौथ्या पिढीची, १९८९ ची. ५.७ लिटरचं एल-९८ इंजिन आणि ७००-आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. एक लाख मैलांच्या जवळ आलेली. इंजिन झकास. गिअरही इतके दिवस अगदी मऊ पडायचे, बदलला हे कळायचंसुद्धा नाही.

आता त्रास असा. सकाळी थंड असताना सगळं ठीक. अर्धा तास चालवून गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच इंजिन रेस होतं, काटा हजारभर आरपीएम वर उडतो आणि मग तिसरा धरतो. हळू चालवलं तर कमी, दाबली तर जास्त. शिवाय हायवेवर ताशी ४५-५० मैलांना हलका पाय ठेवून चाललो की गाडी बारीक थरथरते. रस्ता खडबडीत असल्यासारखं वाटतं, पण रस्ता चांगलाच असतो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने चक्कर मारली आणि खाली उतरून म्हणाला, गिअरबॉक्स गेला, पूर्ण ओव्हरहॉल, साडेतीन हजार डॉलर. ना तेल बघितलं ना गाडी वर घेतली. पैसे द्यायला हरकत नाही, पण आधी खात्री कशी करायची?

तर्रीदार

रुमाल टाकून ठेवतो. गाडीतलं फारसं कळत नाही, पण अशा धाग्यांत करमणूक चांगली होते.

ओव्हरड्राइव्ह (ह्यूस्टन)

पहिला प्रश्न: तेल कधी आणि कसं बघितलंत? ७००-आर४ ला डिपस्टिक (तेल मोजायची काडी) आहे ही चैन समजा, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तीही नसते. गाडी पंधरा-वीस मैल चालवून पूर्ण गरम करा, सपाट जागी उभी करा, इंजिन चालू, पार्कमध्ये. ब्रेक दाबून लिव्हर एकदा सगळ्या जागांवरून फिरवून परत पार्कला आणा आणि मग काडी काढा. इंजिन बंद करून बघितलेल्या पातळीला काही अर्थ नाही, कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातलं) तेल खाली उतरतं आणि भरपूर दिसतं.

रंग आणि वास दोन्ही सांगा. लालसर असेल तर उत्तम. तपकिरी म्हणजे जुनं. काळं आणि करपट वास म्हणजे क्लच प्लेट जळल्यात.

पेट्रोलपुत्र (पिंपरी)

व्हॅक्यूम मॉड्युलेटर बदला. माझ्या काकांच्या जुन्या अमेरिकन गाडीला सेम प्रॉब्लेम होता, दहा मिनिटांचं काम आहे.

नाना_फिटर

पेट्रोलपुत्र, काकांच्या गाडीत टीएच-३५० हा जुना गिअरबॉक्स असेल. त्याला मॉड्युलेटर असतो. ७००-आर४ ला मॉड्युलेटर नाहीच, तेव्हा बदलणार काय? त्याच्या जागी इथे थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल येते, तिला टीव्ही केबल म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. घरातल्या टीव्हीशी संबंध नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडल्यावर मस्कतला बरीच वर्षं गॅरेजात काढली. तिथे शेवरले कॅप्रिस गाड्या ढिगाने यायच्या आणि त्यांत हाच डबा, म्हणजे गिअरबॉक्स, असायचा. संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर भटके, एक सांगा: पेडल एकदम तळाला नेलं की गाडी खालचा गिअर घेते का?

भटका_व्ही८

नाना, नमस्कार. नाही घेत. नुसती जोर लावून पुढे जाते. मला वाटलं जुनी आहे म्हणून असेल.

तेल सांगितल्याप्रमाणे गरम करून बघितलं. पातळी खालच्या खुणेच्या किंचित खाली. रंग तपकिरी, वास किंचित करपट पण फार नाही.

नाना_फिटर

मग ऐका.

या गिअरबॉक्सला डोकं म्हणून कॉम्प्युटर नाही. इंजिनचा कॉम्प्युटर फक्त कन्व्हर्टरचा लॉकअप चालू-बंद करतो. बाकी कुठला गिअर कधी पडणार आणि किती जोराने धरणार हे तेलाचा दाब ठरवतो. तो दाब दोन ठिकाणांहून समजूत घेतो. मागच्या बाजूला गव्हर्नर आहे, तो गाडीचा वेग सांगतो. आणि टीव्ही केबल सांगते की तुम्ही पाय किती दाबलाय. पाय जास्त म्हणजे इंजिनचा टॉर्क जास्त, म्हणून क्लच जास्त दाबाने आवळायला हवा. केबल ढिली असेल तर गिअरबॉक्सला वाटतं की तुम्ही सावकाश चाललाय. मग तो दाब कमी ठेवतो, गिअर लवकर टाकतो आणि मऊ टाकतो. चौथ्या मजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार यावी आणि आपण तिच्यावर हंडे भरायला बसावं, तसं त्या क्लचचं होतं. धरतो, पण घसरत घसरत धरतो. आणि घसरला की जळतो.

तुम्ही लिहिलंत गिअर इतके मऊ पडायचे की कळायचं नाही. ती तारीफ समजू नका. पेडल तळाला नेऊन गिअर खाली येत नाही, हेही त्याच केबलकडे बोट दाखवतं.

आता दुसरं. कुठला भाग खराब आहे हे गाडी न उघडता बरंचसं कळतं. कुठल्या गिअरला काय काय धरलेलं असतं, एवढं माहीत पाहिजे. ७००-आर४ मध्ये पहिल्याला फॉरवर्ड क्लच. दुसऱ्याला तो क्लच आणि वर २-४ बँड, म्हणजे ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा. तिसऱ्याला बँड सुटतो आणि ३-४ क्लच धरतो. चौथ्याला ३-४ क्लच तसाच राहतो आणि बँड पुन्हा येतो. रिव्हर्सला वेगळाच क्लच. तुमचा पहिला, दुसरा, रिव्हर्स ठणठणीत आहे आणि गडबड फक्त तिसऱ्यात शिरताना आहे. म्हणजे संशय सरळ ३-४ क्लचवर. या डब्यातला तो सगळ्यात अशक्त भाग आहेच. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले असते तर मी सन शेल (आतलं पत्र्याचं कवच) तुटलं म्हटलं असतं. गाडी पहिल्यातून वरच जात नसती तर गव्हर्नर आधी काढला असता, त्याचा छोटा गिअर झिजतो.

थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरतो, हेही बोलकं आहे. उलट असतं, म्हणजे सकाळी गिअर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि गरम झाल्यावर बरं, तर आतली रबरी सीलं कडक झालीत असं समजतात. गरम तेल पातळ होतं, कुठूनही निसटतं, आणि आधीच कमी असलेला दाब आणखी उतरतो.

थरथर ही वेगळी तक्रार आहे. ती यात मिसळू नका, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी केबल. इंजिन बंद. थ्रॉटल बॉडीजवळ केबलच्या टोकाला एक चौकोनी बटणासारखी पट्टी आहे, ती दाबून धरा आणि स्लायडर थ्रॉटलपासून लांब, मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) जाईल तेवढा ढकला. पट्टी सोडा. मग थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा, अगदी शेवटपर्यंत. स्लायडर कटकट करत आपली जागा घेईल. झालं, मोजमाप काही नाही. पण आत केबिनमधून कुणाला तरी पेडल तळाला दाबायला सांगून थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का तेही बघा. गालिचा आडवा येतो कधी कधी, हसू नका.

निळी_शाई

नाना, पुढच्या वेळी माझ्या मिक्सरबद्दल धागा काढते, त्यावरही असंच लिहा.

भटका_व्ही८

केबल बघितली. ढिलीच होती. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी केबल शेवटपर्यंत ओढलीच जात नव्हती. आधीच्या मालकाने थ्रॉटल बॉडी काढून साफ केल्याचं त्याच्या फाइलमध्ये लिहिलंय. बसवताना केबल तशीच लावलेली दिसते.

सांगितल्याप्रमाणे जुळवली, तेल पातळीत आणलं. फरक लगेच जाणवला. गिअर उशिरा आणि ठामपणे पडतात, पेडल तळाला नेलं की खाली येते. हलक्या पायाने गरम असतानाही २-३ मध्ये रेस होत नाही. पण जोरात दाबली की अजून होते, आधीपेक्षा कमी. थरथर जशीच्या तशी.

ओव्हरड्राइव्ह

म्हणजे दाब परत आला, पण इतके दिवस घसरलेल्या प्लेटा परत येणार नाहीत.

थरथरीबद्दल. ताशी ४५ मैल, हलका पाय, म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच लागायची हीच वेळ. कन्व्हर्टरमध्ये एरवी इंजिन आणि गिअरबॉक्स फक्त तेलाने जोडलेले असतात, थोडी घसर कायम असते. ती घसर टाळायला आत एक क्लच आहे, तो लागला की दोघं एकमेकांना थेट जोडले जातात. थरथर चालू असताना उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं टेकवा, ब्रेक लागेपर्यंत दाबू नका. ब्रेकच्या स्विचमुळे लॉकअप सुटतो, आरपीएम दोनशे-तीनशे वर जातो. थरथर थांबली तर लॉकअपशी संबंध आहे.

पेट्रोलपुत्र

मशीनने फ्लश मारून घ्या, सगळं जुनं तेल बाहेर. त्यानेच जाईल थरथर.

ओव्हरड्राइव्ह

घसरणाऱ्या जुन्या गिअरबॉक्सला मशीन फ्लश? मी नाही करणार. कुठल्या कोपऱ्यात बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या भागात, जाईल.

कोथरूड_टू_कॅलगरी

ही जुनी अफवा आहे. फ्लशने गिअरबॉक्स मरत नाही. लोक मरायला टेकलेल्याला फ्लश करतात आणि मग फ्लशवर खापर फोडतात.

नाना_फिटर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि इथे त्या वादाची गरज नाही. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) काढायचाच आहे, कारण आत काय पडलंय ते बघायचंय. फ्लश केलात तर पुरावाच धुऊन जाईल. या पॅनला ड्रेन प्लग नसतो, १६ बोल्ट आहेत. मागच्या कोपऱ्याचे आधी ढिले करा म्हणजे तेल एका बाजूने उतरेल, नाहीतर अंघोळ होते. पॅनमधून साधारण पाच लिटर निघतं, तेवढंच जवळजवळ कन्व्हर्टरमध्ये राहतं. फिल्टर नवा, गॅस्केट नवं, डेक्स्रॉन-६ भरा. जुन्या डेक्स्रॉनच्या जागी ते चालतं. बोल्ट हलक्या हाताने. जास्त आवळून पॅनची कड वाकवणारेच जास्त भेटतात, आणि मग म्हणतात गळतंय.

स्वप्नील_एसएलके (पुणे)

धागा हायजॅक करायचा नाहीये, पण माझ्याकडे मर्सिडीजची पहिल्या पिढीची एसएलके आहे, पाच गिअरचा ७२२.६. अधूनमधून एकाच गिअरमध्ये अडकते, उठतच नाही. बंद करून परत चालू केली की बरी. हेच कारण असेल का?

ओव्हरड्राइव्ह

नाही, तुमचं शास्त्रच वेगळं. ७२२.६ पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. काही चुकलं असं कंट्रोल युनिटला वाटलं की तो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून देतो, कशीबशी घरी जावी म्हणून. बंद-चालू केल्यावर सुटतो, म्हणून लोक वर्षभर तसेच चालवतात. आधी कोड वाचून घ्या. वय झालेल्या गाड्यांत दोन जागा हमखास: आतली कंडक्टर प्लेट, तिच्यावरच वेगाचे सेन्सर बसवलेले असतात. आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं १३ पिनांचं कनेक्टर. त्याच्या ओ-रिंगा वाळल्या की तेल झिरपतं आणि वायरीच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. युनिटचा प्लग काढून बघा, आत तेल दिसलं तर उत्तर मिळालं. कनेक्टरचा तो प्लास्टिक भाग स्वस्त आहे, मात्र युनिटमध्ये तेल गेलं असेल तर नुसता तो बदलून भागणार नाही. वेगळा धागा काढा, लिहितो.

स्वप्नील_एसएलके

काढतो. धन्यवाद!

भटका_व्ही८

मोठा अपडेट.

ब्रेक टेकवल्यावर थरथर थांबते. पॅन काढला. चुंबकावर राखाडी लगदा, बोटाने चोळला तर गुळगुळीत. तळाला काळ्या बारीक खपल्या बऱ्यापैकी. चमकणारा धातू दिसला नाही. फिल्टर, तेल नवं. तेलाचा दाब मोजायचं गेजही आणलं आणि ओव्हरड्राइव्ह यांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या पोर्टला लावलं: निष्क्रिय वेगाला ६५ पीएसआय, केबल हाताने पूर्ण ओढली की दीडशेच्या वर.

नाना_फिटर

छान काम केलंत. राखाडी लगदा नेहमीचा, प्रत्येक पॅनमध्ये असतो. चमकी नाही म्हणजे पंप, बुशा, प्लॅनेटरी गिअर अजून शाबूत असावेत. काळ्या खपल्या म्हणजे क्लचचं अस्तर. दाब उत्तम आहे, पंप आणि रेग्युलेटर दोषी नाहीत. दाब चांगला असूनही जोर लावल्यावर तिसरा घसरतो, तेव्हा ३-४ क्लच झिजलाय हे आता अंदाजाने बोलायचं राहिलं नाही.

थरथरीचं मात्र अजून ठरलेलं नाही. ब्रेक टेकवल्यावर थांबली म्हणून लगेच कन्व्हर्टरला दोष देऊ नका. लॉकअप लागला की इंजिनची प्रत्येक चुकलेली ठिणगी सरळ तुमच्या पाठीपर्यंत येते, मधे तेलाची गादी राहत नाही. इंजिन मिस मारत असेल तर तेही तेव्हाच जाणवतं आणि लॉकअप सुटला की लपतं. स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी किती जुन्या आहेत?

भटका_व्ही८

फाइलमध्ये तरी वायरींची पावती नाही. काढून बघतो. तोवर एक: डॅशखालच्या कनेक्टरचे ए आणि बी पिन जोडून कोड दाखवणारा इंजिनचा दिवा लुकलुकवला. आधी १२ आला, मग २४.

ओव्हरड्राइव्ह

१२ म्हणजे तपासणी सुरू झाली, तो नेहमीच येतो. २४ म्हणजे गाडीच्या वेगाच्या सेन्सरचा संदेश नीट येत नाहीये. कॉम्प्युटरला वेग कळला नाही तर तो लॉकअप सोडतो, परत कळला की लावतो. सेन्सरचा प्लग साफ करा, वायर कुठे घासलीय का बघा, मग कोड पुसून परत चालवा.

तर्रीदार

मी करमणुकीला आलो होतो, आता माझ्या ॲक्टिव्हाकडे संशयाने बघायला लागलोय.

कोथरूड_टू_कॅलगरी

अवांतर: ‘खरी स्पोर्ट्स कार मॅन्युअलच’ म्हणणाऱ्यांसाठी. पहिली कॉर्व्हेट १९५३ ची, फक्त ३०० बनल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक होत्या. मॅन्युअल नंतर आला.

भटका_व्ही८

वायरी बदलल्या. दोन तर एक्झॉस्टला टेकून भाजल्या होत्या. प्लगही नवे. सेन्सरच्या प्लगची एक पिन हिरवी पडली होती, साफ केली. २४ परत आला नाही. थरथर गेली. पूर्ण गेली! म्हणजे कन्व्हर्टर बिचारा निर्दोष.

आता ३-४ क्लच. जोर न लावता चालवली तर काही होत नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद ठेवून, लिव्हर तिसऱ्यात ठेवून चालवली तर क्लच वाचेल असं इकडे एकाने सांगितलं. बर्फ पडेपर्यंत ढकलता येईल का?

नाना_फिटर

नाही वाचणार. नावातच ३-४ आहे. तिसऱ्यालाही तोच क्लच धरतो, चौथ्यालाही तोच. लिव्हर कुठेही ठेवा, भार त्याच्यावरच. हलक्या पायाने जपून चालवा, ओझं ओढू नका, बस. पण आज-उद्याच कामाला काढलीच पाहिजे अशीही स्थिती नाही.

ओव्हरड्राइव्ह

गॅरेज वेगळं शोधा, न बघता ओव्हरहॉल सांगणारं नको. आणि सी-४ आधी उतरवलेला माणूस हवा. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमचा लांब बीम आहे, गिअरबॉक्सची शेपटी त्याच्याच आधारावर. तो आणि एक्झॉस्ट काढल्याशिवाय डबा खाली येत नाही. मजुरी त्यामुळेच वाढते. ज्याला हे माहीत नसतं तो मग ‘काम जास्त निघालं’ म्हणून वर पैसे मागतो.

उघडलाच आहे तर ३-४ चा सुधारित संच टाका, इनपुट ड्रमवरचा चेक बॉल (तेल अडवणारी छोटी गोळी) बदला, तो गळला की नवा क्लचही जळतो. कडक केलेलं सन शेल टाका. सर्वो (बँड आवळणारा पिस्टन) बदलायला सांगतील तर नको म्हणा, लोक दुसऱ्या गाड्यांत ज्याला ‘कॉर्व्हेट सर्वो’ म्हणून विकत आणून बसवतात तो तुमच्यात मुळातच आहे. रेडिएटरमधला तेलाचा कूलर धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर जुन्या क्लचचा गाळ पहिल्याच फेरीत नव्या डब्यात. आणि सगळं झाल्यावर केबल पुन्हा जुळवायची.

नाना_फिटर

एक राहिलं. कन्व्हर्टर. लॉकअप ठीक असला तरी त्याच्या पोटात त्याच काळ्या खपल्या गेल्यात आणि तो उघडून धुता येत नाही, म्हणून तो बदलाच. बसवताना तो फिरवत फिरवत पंपात पूर्ण आत जायला हवा. टप्प्याटप्प्याने आत बसतो, हाताला कळतं. अर्धवट बसलेला असताना बेल हाउसिंगचे (डब्याच्या पुढच्या घंटेसारख्या तोंडाचे) बोल्ट आवळून डबा इंजिनला ओढून घेतला की पंप फुटतो. नवा ओव्हरहॉल, पहिल्याच स्टार्टला पंप गेला, असे मी पाहिलेत.

भटका_व्ही८

नाना, हे गॅरेजवाल्याला तोंडावर कसं सांगू? तो म्हणेल तूच ये आणि बसव.

नाना_फिटर

सांगू नका, विचारा. बोल्ट आवळून झाले की कन्व्हर्टर मागे ढकललेला असताना तो आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर जोडतात) यांच्यात किती फट राहिली? तीन ते पाच मिलिमीटरच्या दरम्यान हवी. ज्याने मोजली असेल तो लगेच आकडा सांगेल. जो ‘बरोबर आहे हो’ म्हणेल, त्याला म्हणा, मी इथेच उभा आहे, आत्ता मोजू.